दिवस उगवतो कुठं?

बालमित्रांनो, आज एक अगदी सोपा प्रश्न विचारतो. सूर्य कुठं उगवतो?

"पूर्वेला!" बघा, प्रश्न पुरता झालाही नाही तोवर उत्तर आलं! आमच्या वर्गातही असंच होतं. कितीतरी वर्षं मी फळ्यावर चार दिशांची फुली काढतो, मुलं एका सुरात 'पूर्व' म्हणतात आणि मी पुढच्या धड्याकडं वळतो. पण खरं सांगू का? हे उत्तर वर्षातले फक्त दोन दिवस तंतोतंत बरोबर असतं. एक २१ मार्चच्या सुमाराला आणि दुसरा २३ सप्टेंबरच्या सुमाराला. बाकीचे दिवस सूर्य थोडा इकडं, नाहीतर थोडा तिकडं उगवतो.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण डोळ्यांना दिसलं ते फोटो काढायच्या नादातून, आणि तेही एका फजितीनंतर. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा मला दिला माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं. गंमत म्हणजे त्या वेळी ती वर्गात नव्हतीच! तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मोटारसायकल आणि मोबाईल

आमचा जिल्हा धाराशिव. मोठ्या माणसांच्या तोंडी अजून 'उस्मानाबाद' येतं. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं ते २०२३ साली. तुळजाभवानीचं तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा हा मुलूख. इथं पाऊस बेताचा, झाडी बेताची. पण आभाळ मात्र भरपूर! माळावर उभं राहिलात तर जमीन संपते तिथपर्यंत नजर जाते. मध्ये ना उंच इमारत, ना दाट जंगल. ज्वारीचं रान, एखादं लिंबाचं झाड, लांबवर फिरणारी पवनचक्की, बस्स. सूर्य बघायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

मी राहतो तुळजापूरला. शाळा नळदुर्गच्या रस्त्यानं पुढं जाऊन आत वळल्यावर, एका छोट्या गावात. रोज मोटारसायकलनं ये-जा. शनिवारी सकाळची शाळा असायची, त्यामुळं अंधार असतानाच निघावं लागे. हा रस्ता तुळजापूरहून आग्नेयेकडं जातो. म्हणून हिवाळ्यात उगवता सूर्य जवळजवळ समोर, थेट डोळ्यांवर येतो. तोच जूनमध्ये पार डाव्या हाताला गेलेला असतो. हे मी रोज अनुभवत होतो, पण त्याचा अर्थ काही डोक्यात शिरत नव्हता!

हातात मोबाईल आला आणि मला सूर्योदयाचे फोटो काढायचा नाद लागला. ज्वारीच्या कणसाआडचा सूर्य, विजेच्या तारेवर ओळीनं बसलेल्या पाखरांमधला सूर्य, पवनचक्कीच्या पात्यात अडकलेला सूर्य. गाडी पंक्चर असली की एसटीनं जायचो, तेव्हा खिडकीतूनही फोटो काढायचो. एसटीतले फोटो कसे येतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. सूर्य टिपायला जावं तर नेमका खांब आडवा येतो, आणि खांब चुकवावा तर शेजारच्या आजोबांचा फेटा! रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा राहिलो की येणारे-जाणारे शेतकरी विचारायचे, "गुरुजी, काय करूलालाव?" मी म्हणायचो, "सूर्याचा फोटो काढतोय." त्यावर एकदा एक आजोबा म्हणाले, "त्यो काय उद्या यायचा न्हाई व्हय?"

तेव्हा मी हसलो होतो. पण आजोबांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे पुढं कळलं.

कुलूप

जानेवारी २०२३ मधला शनिवार होता. थंडी अशी की बोटं हँडलला चिकटावीत. एक मजेची गोष्ट सांगतो. सर्वांत लहान दिवस असतो डिसेंबरात, २१-२२ तारखेला. पण आपल्याकडं सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सकाळी सातच्या सुमारास. जूनच्या सुरुवातीला हाच गडी पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी हजर असतो! म्हणजे त्या शनिवारी सूर्योदय आणि शाळेची घंटा यांच्यात जेमतेम अर्धा तास होता.

वाटेत धुकं लागलं. धुक्यात लाल गोळा असा काही दिसत होता की मी गाडी थांबवली. एक फोटो, दोन फोटो, मग पुढच्या वळणावर आणखी चार. घड्याळाकडं लक्षच नाही. शाळेशी पोहोचलो तेव्हा फाटकाबाहेर पोरं उभी. कुणी हात काखेत घातलेले, कुणी एकमेकांना चिकटून उभे. पहिलीतला एक जण तर चपलेविना एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. आमची शाळा दोन शिक्षकांची. दुसरे शिक्षक त्या दिवशी रजेवर. आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात!

कुणी रागावलं नाही. एक पोरगी फक्त म्हणाली, "सर, आज लई उशीर केलाव." मी किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत जाऊन मुलांना उन्हाच्या कवडशात बसवलं. दुपारी घरी येऊन ते फोटो पाहिले. फोटो सुंदर होते. पण प्रत्येक फोटोत मला तो चपलेविना नाचणारा पोरगा दिसत होता.

त्या दिवशी मी ठरवलं: आधी कुलूप, मग सूर्य. वाटेत कुठंही थांबायचं नाही. फोटो काढायचाच तर शाळेच्या ओट्यावरून काढायचा.

मुलांनो, हा नियम मी शिक्षा म्हणून लावून घेतला होता. पण त्यातूनच खरा खजिना हाती लागला.

ओट्यावरच्या खुणा

आमच्या शाळेचा ओटा पूर्वेकडं तोंड करून आहे. समोर डावीकडं एक बाभळ, मधोमध मारुतीच्या देवळाचं शिखर, उजवीकडं गावाची पाण्याची टाकी. जून २०२३ मध्ये नवं वर्ष सुरू झालं तेव्हा एका ढग नसलेल्या सकाळी मी ओट्यावरून फोटो काढला. सूर्य बाभळीशी. मग पावसाळा आला आणि कितीतरी सकाळी ढगांनी खाल्ल्या. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा फोटो मिळाला. सूर्य बरोबर देवळाच्या शिखरावर! दोन्ही फोटो मी वर्गात दाखवले.

वर्गात आधी शांतता. मग एक जण ओरडला, "सर, सूर्य सरकला की!"

मग काय! पोरांना चेव आला. ज्यांची घरं शाळेजवळ, त्यांनी पाळ्या लावून घेतल्या. ओट्यावर एका ठिकाणी खडूनं दोन पावलं काढली. ज्याची पाळी असेल त्यानं त्याच पावलांवर उभं राहायचं, सूर्य कशाच्या वर उगवला ते पाहायचं आणि वहीत तारीख घालून चित्र काढायचं. मोबाईल नसला तरी चालेल. शनिवारी मी फोटो काढायचा.

अंतर कसं मोजायचं? त्याला पट्टी लागत नाही. हात समोर ताठ लांब करा आणि मूठ वळा. तुमची मूठ आकाशाचा साधारण १० अंशांचा तुकडा झाकते. आपल्या भागात जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या डावीकडं सुमारे २५ अंश जातो आणि डिसेंबरमध्ये उजवीकडं तेवढाच. म्हणजे बाभळीपासून टाकीपर्यंत एकूण पाच मुठी! सूर्याच्या अंगणाची रुंदी पाच मुठी आहे, असं आमची मुलं म्हणायला लागली.

हे का होतं? पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती सरळ उभी राहून नाही, तर साडेतेवीस अंश कललेली. त्यामुळं वर्षातले सहा महिने उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्याकडं झुकलेला असतो आणि सहा महिने दक्षिणेकडचा. आपल्याला मात्र वाटतं की सूर्यच डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं येरझाऱ्या घालतोय.

एका जागी उभं राहण्याची ही युक्ती फोटोग्राफीइतकीच जुनी आहे बरं का! १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स नावाच्या माणसानं आपल्या घराच्या खिडकीतून बाहेरचं दृश्य टिपलं. कॅमेऱ्यानं काढलेलं, आज टिकून असलेलं ते सर्वांत जुनं छायाचित्र. पण त्या काळी फोटो उमटायला कित्येक तास लागत. तेवढ्यात सूर्य आभाळ ओलांडून गेला, आणि चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं! पुढं १८४५ मध्ये फ्रान्समधल्याच फिझो आणि फूको या दोघा शास्त्रज्ञांनी खुद्द सूर्याचा फोटो काढला, तोही सेकंदाच्या साठाव्या भागात.

नळदुर्गची रात्र

डिसेंबर २०२३. मुलांचं एक रात्रीचं शिबिर भरवायचं ठरलं. जागा मिळाली नळदुर्गजवळ, बोरी नदीच्या बाजूला, एका पालकांच्या ओळखीच्या शेतात. १६ तारखेला शनिवारी शाळा सुटल्यावर निघालो. दोन तंबू उसने आणलेले, बाकी ताडपत्र्या. काही आयाही सोबत आल्या होत्या. हुरडा अजून भरला नव्हता, म्हणून पोरांची थोडी निराशा झाली. पण गरम पिठलं, भाकरी आणि शेंगाचटणी पुढं आल्यावर निराशा कुठल्या कुठं पळाली!

तिथून लांब नळदुर्गचा किल्ला दिसत होता. तटबंदीची काळी रेघ आणि तिच्या वर डोकं काढलेला उंच उपळी बुरूज. या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलेला आहे आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधलेला आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून 'नर' आणि 'मादी' नावाचे दोन धबधबे कोसळतात, आणि महालात उभा असलेला माणूस मात्र कोरडाच! दुसऱ्या दिवशी आम्ही तो आतून पाहिला.

रात्री शेकोटी पेटली. चंद्रकोर लवकर मावळली आणि चांदण्यांनी आभाळ भरून गेलं. शेताचे राखणदार आजोबा शेकोटीशी येऊन बसले. मी मुलांना सांगत होतो, "उद्या सूर्योदय पाहायचा हं." आजोबा म्हणाले, "दिवस उगवायच्या आधीच मजा असती. झुंजूमुंजू झालं की उठा." मग त्यांनी पोरांना पहाटेची सगळी नावं मोजून दाखवली. आधी झुंजूमुंजू, मग तांबडं फुटतं, मग फटफटतं, मग दिवस उगवतो, आणि मग दिवस कासराभर वर येतो. कासरा म्हणजे बैलाला बांधायचा दोर. जमिनीपासून सूर्यापर्यंत नजरेनं कासरा ताणून वेळ सांगायची! आणि ऐकलंत का, आजोबा सूर्याला 'सूर्य' म्हणतच नव्हते. त्यांच्या लेखी सूर्य म्हणजेच 'दिवस'.

पहाटे सगळ्यांना उठवलं. पूर्वेला शुक्राची चांदणी ठसठशीत चमकत होती. मी मोबाईल काढला आणि पाहतो तर काय, बॅटरी ९ टक्के! रात्रभर पोरांनी गाणी आणि बॅटरीचा उजेड दोन्ही चालवलं होतं. भिंगावर दव साचलेलं. ते मऊ फडक्यानं पुसलं आणि पोरांना म्हटलं, "फक्त तीन फोटो मिळतील. कधी काढायचे ते तुम्ही सांगा."

तुमच्या आईबाबांना विचारा. पूर्वी कॅमेऱ्यात रोल असायचा, छत्तीस फोटोंचा. एकेक फोटो जपून काढावा लागे. आमची त्या पहाटे तशीच गत झाली. आणि त्यामुळंच पोरं फोटोकडं न बघता आभाळाकडं बघत बसली!

पहिला फोटो त्यांनी काढायला लावला तांबडं फुटल्यावर, सूर्य यायच्या बराच आधी. खाली काळी तटबंदी, वर केशरी पट्टा. दुसरा पावणेसातनंतर पाचेक मिनिटांनी, सूर्याची पहिली कड दिसली तेव्हा. कड दिसल्यापासून पूर्ण गोळा वर यायला फक्त दोन-अडीच मिनिटं लागतात, हे पोरांनी आकडे मोजून पडताळलं. तिसऱ्या फोटोच्या वेळी एक जण म्हणाला, "सर, मागं बघा!" मागं वळलो तर सगळ्यांची तोंडं, तंबू, शेकोटीची राख, ओली ज्वारी, सगळं सोनेरी झालेलं. तिसरा फोटो सूर्याकडं पाठ करून काढला. तोच सगळ्यांना आवडला.

तिथंच मी मुलांना आणखी एक गंमत सांगितली. आपण उगवलेला म्हणून जो सूर्य पाहतो, तो त्या क्षणी खरा क्षितिजाच्या खालीच असतो! जमिनीलगतच्या हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि सूर्य आपल्याला त्याच्या स्वतःच्या रुंदीइतका वर उचललेला दिसतो. म्हणून तो खालून जरा चपटाही वाटतो. आणि लाल का? उगवताना त्याच्या प्रकाशाला हवेचा फार लांबचा पल्ला कापावा लागतो. निळा रंग वाटेतच विखरून जातो, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो.

नळदुर्गचे फोटो सुंदर होते. पण ओट्यावरच्या नोंदीला त्यांचा उपयोग शून्य! कारण जागाच वेगळी. आणि पुढं तर घोटाळाच झाला. शिबिराहून आल्यावर मी तापानं आजारी पडलो. नाताळची सुट्टी आली. पाळीवाली पोरंही मामाच्या गावाला गेली. २१-२२ डिसेंबरला सूर्य उजवीकडची शेवटची हद्द गाठतो आणि माघारी फिरतो. नेमका तोच पंधरवडा आमच्या वहीत कोरा राहिला! जानेवारीत वही उघडली तर सूर्य टाकीपासून मागं सरकायला लागला होता. वळला कधी, ते कुणीच पाहिलं नव्हतं.

कोपीतली वही

आता त्या मुलीची गोष्ट. सुरुवातीला सांगितलं ना, वर्गात नसलेली मुलगी? तीच.

आमच्या शाळेत जवळच्या तांड्यावरची काही मुलं येतात. त्यांच्यातले बरेच आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, थेट सांगली-कोल्हापूरकडं. परत यायचे ते मार्च-एप्रिलमध्ये. घरी सांभाळणारी आजी असली तर मुलं गावात राहतात, नाहीतर आईबापांबरोबर जातात. ही मुलगी चौथीत होती आणि तिला जावं लागणार होतं, कारण तिचा धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी ती ओट्यावरच्या खडूच्या पावलांशी घुटमळत होती. पुढच्या सोमवारची पाळी तिची होती.

मी तिला एक कोरी वही दिली. म्हटलं, "जिथं जाशील तिथं एक जागा धर आणि काढ सूर्याचं चित्र." खरं सांगतो, मला फारशी आशा नव्हती. तिला वाईट वाटू नये म्हणून दिली होती मी ती वही.

एप्रिलमध्ये ती परत आली. दप्तरातून वही काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. उसाच्या चिकट डागांची, कोपरे दुमडलेली वही. पण आत? पानोपानी तारखा आणि चित्रं! उसाच्या पाचटाच्या कोपीच्या दारातून दिसणारे विजेचे चार खांब, लांबवर साखर कारखान्याची चिमणी, आणि त्यांच्यामध्ये कुठंतरी सूर्य. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा नक्की. तिचे आईवडील पहाटे अंधारातच फडावर जायचे. ती भावाला मांडीवर घेऊन कोपीच्या दारात बसायची. दार पूर्वेला होतं. त्यांची कोपी सगळा हंगाम एकाच जागी राहिली, म्हणून खांब हलले नाहीत, सूर्य तेवढा हलला.

२७ नोव्हेंबरला सूर्य तिसऱ्या खांबावर. मग उजवीकडं, आणखी उजवीकडं. १८ डिसेंबरपासून २६ डिसेंबरपर्यंतच्या चारही चित्रांत सूर्य चौथ्या खांबाच्या शेजारी, हललेलाच नाही. तिथं तिनं वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "दिवस थांबला." आणि मग ८ जानेवारीचं पान: "दिवस माघारी निगाला." १५ जानेवारीला सूर्य पुन्हा तिसऱ्या खांबावर!

आमच्या वहीतला कोरा पंधरवडा तिच्या वहीत भरलेला होता.

मी ती वही वर्गात सगळ्यांना दाखवली. मुलांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि दिवस मोजायला बसली. २७ नोव्हेंबर ते वळण सुमारे २४-२५ दिवस, वळण ते १५ जानेवारी तेवढेच. म्हणजे जाताना आणि येताना सूर्य त्याच खुणेवर दोनदा येतो. मग मी कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळातल्या किरणोत्सवाबद्दल सांगितलं. तिथं मावळतीची किरणं देवीपर्यंत पोहोचण्याचे दिवस ठरलेले आहेत: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. "वळणाच्या आधी आणि नंतर किती दिवस होतात, मोजा बरं!" मोजल्यावर दोन्हीकडं ४१-४२ च्या आसपास आले. पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

एकानं शंका काढली, "सर, उत्तरायण तर संक्रांतीला असतंय. मग सूर्य डिसेंबरातच कसा वळला?" छान प्रश्न! सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय हळू डुलतो, त्यामुळं दोन्हींत अंतर पडत गेलं. सूर्य वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि संक्रांत आता १४-१५ जानेवारीला येते.

आणखी एक योगायोग पाहा. भारताचं 'आदित्य-एल१' हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठिकाणावर पोहोचलं, सूर्याकडं सतत नजर ठेवायला. त्याच आठवड्यात आमची ही मुलगी कोपीच्या दारात बसून सूर्य माघारी निघाल्याची नोंद करत होती!

ती परत आली तेव्हा मी मनात म्हणत होतो, हिचा किती अभ्यास बुडाला असेल. गणितातले काही धडे तिचे राहिले होते, हे खरंच आहे. ते आम्ही सुट्टीत बसून पुरे केले. पण तिनं जे आणलं होतं ते वर्गात राहिलेल्या कुणाकडंच नव्हतं. तिला कुणी शाबासकी दिली की ती खाली बघायची आणि म्हणायची, "दारच तिकडं होतं."

आता तुमची पाळी

मुलांनो, सूर्य बघायला नळदुर्गला किंवा डोंगरावर जायलाच हवं असं नाही. घराची गच्ची, शाळेचा ओटा, शेताचा बांध, काहीही चालेल. फक्त एक जागा धरा आणि ती सोडू नका. महिन्यातून दोनदा जरी चित्र किंवा फोटो काढलात तरी वर्षभरात सूर्याच्या अंगणाच्या दोन्ही कडा तुमच्या वहीत येतील. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.

वेळेचं एक गुपितही सांगून ठेवतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. धाराशिव आहे साधारण ७६ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आमचा सूर्य घड्याळाच्या २६ मिनिटं मागं! मार्च-सप्टेंबरात नागपूरच्या मित्राला सूर्य आमच्या साधारण १२ मिनिटं आधी दिसतो आणि मुंबईच्या मित्राला साधारण १३ मिनिटं नंतर. तुमचा मित्र किंवा मावसबहीण दुसऱ्या गावी असेल तर एकाच दिवशी दोघांनी वेळ लिहा आणि ताडून पाहा.

फोटो काढणार असाल तर सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर हजर राहा. भिंग पुसा. जमिनीची रेघ आडवी सरळ ठेवा. झूम करू नका. सूर्य लहानच दिसू दे, शेजारी झाड किंवा देऊळ येऊ दे. मोबाईलच्या पडद्यावर उजळ आभाळाला बोट लावा आणि उजेड थोडा कमी करा, म्हणजे रंग खरे येतील. आणि एकदा तरी मागं वळून बघा!

दोन गोष्टी मात्र अगदी कडक. सूर्य वर येऊन डोळे दिपायला लागले की त्याच्याकडं पाहायचं नाही, आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. दुसरं, रस्त्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही, आणि चालत्या गाडीवर तर नाहीच नाही.

पालकांनाही एक विनंती. पहाटे उठलेल्या पोराला "झोप अजून" म्हणू नका. मोबाईल द्यायचा नसेल तर देऊ नका, एक वही आणि पेन्सिल पुरे आहे. आणि जमलं तर पहिल्या दिवशी तुम्हीही शेजारी उभे राहा.

"त्यो काय उद्या यायचा न्हाई व्हय?" असं ते आजोबा म्हणाले होते. येतो की, रोज येतो. पण उद्या तो कालच्या जागेवर नसतो. आमच्या ओट्यावरची खडूची पावलं पावसानं धुऊन गेली, की मुलं ती पुन्हा काढतात. २०२४ च्या जूनमध्ये ती पहिल्यांदा कुणी काढली, ओळखा पाहू! बरोबर. खडू तिच्याच हातात होता.

मग, तुमच्या दारातून दिवस कुठं उगवतो? उद्या सकाळी बघा, आणि आम्हाला नक्की कळवा.